लिफ्टमधून आलेलं उत्तर

गुरुवारी दुपारी चार वाजता गेऊला शब्ताई ओव्हनमधून बुरेकासचा, म्हणजे चीज भरलेल्या खुसखुशीत पुडांचा, तिसरा ट्रे काढत होती, तेवढ्यात तिचा नवरा ओवादिया शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या सहा प्लास्टिकच्या खुर्च्या डोक्यावर घेऊन घरात शिरला. दोघंही जागच्या जागी थिजले. गेऊलाच्या समजुतीप्रमाणे तो या वेळी क्लबात शेषबेशचे फासे टाकत असायला हवा होता, आणि त्याच्या समजुतीप्रमाणे ती नहारियाला बहिणीकडे.

"तू गेली नाहीस?"

"तू गेला नाहीस? आणि या खुर्च्या कशाला?"

"आधी सांग, एवढे बुरेकास कुणाला?"

खरं बाहेर यायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मतदान सहा दिवसांवर आलं होतं. चाळीस वर्षं हैफाच्या बंदरात इलेक्ट्रिशियन म्हणून काढलेल्या ओवादियाने निवृत्त कर्नल गिओरा लहात यांना घरगुती सभेला बोलावलं होतं. देशाची सुरक्षा हा त्यांच्या पक्षाचा पहिला मुद्दा होता आणि शेवटचाही. गेऊलाने, म्हणजे निम्म्या किर्यात याम गावाला बालवाडीत गाणी शिकवलेल्या बाईने, प्रोफेसर नफ्ताली ओरगाद यांना बोलावलं होतं. त्यांच्या पक्षाच्या नावातच शांतता होती. दोन्ही सभा पाच वाजता, आणि दोन्ही याच चौथ्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात, जिथे सातवा माणूस आला की पहिल्याला उठावं लागे.

"मी पंधरा दिवसांपूर्वी ठरवलंय," गेऊला म्हणाली.

"मी सोळा."

"मग वाटून घेऊ. सोफ्याची बाजू माझी, बाल्कनी तुझी."

"बाल्कनीत वारा किती आहे! माझ्या लोकांनी कुडकुडायचं?"

"सैन्यातली माणसं ना ती? वाऱ्याला घाबरतात?"

"बरं, बाथरूम?"

"दोघांचं."

"आणि बुरेकास?"

"माझ्या बाजूला."

ओवादियाने ट्रेकडे पाहिलं. वरचे तीळ अजून चुरचुरत होते. त्याचा आवाज एकदम खाली आला. "त्या बाबतीत बोलणी होऊ शकतात, गेऊला. मी काही हट्टी माणूस नाही."

पावणेपाचपर्यंत तीसेक माणसं जमली. ठरलेली सीमा दहा मिनिटंही टिकली नाही, कारण खाण्याचं टेबल बरोबर मधोमध होतं. खालच्या मजल्यावरच्या ब्रोन्याबाईंनी तर आल्या आल्याच जाहीर केलं, "माझं अजून ठरलेलं नाही," आणि त्या जोरावर त्यांनी दोन्ही बाजूंच्या बशा भरून घेतल्या.

पाच वाजले, सव्वापाच वाजले. वक्त्यांचा पत्ता नाही. मग जिन्याकडून दाणदाण आवाज आला. सगळे बाहेर धावले. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती.

"आत कोण आहे?" ओवादिया ओरडला.

"उमेदवार!" दोन आवाज एकदमच आले.

कर्नल आणि प्रोफेसर खाली एकमेकांना 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत एकाच लिफ्टमध्ये चढले होते. गेऊलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ओवादियाचे डोळे चमकले.

"बाजूला व्हा! चाळीस वर्षं मी हेच केलंय!"

"बंदरात क्रेनचं केलंस. याला हात लावू नकोस!"

तोवर तो तळमजल्यावर पोहोचून विजेचा डबा उघडून बसलाही होता. खट्ट आवाज झाला. लिफ्ट तसूभरही हलली नाही, पण लिफ्टमधला आणि जिन्यातला दिवा गेला. नंतर त्याने बरंच काही दाबून पाहिलं. दिवे आले नाहीत. खालच्या दाराची बेल मात्र आपोआप वाजायला लागली. शेवटी ब्रोन्याबाईंनीच मेकॅनिकला फोन केला.

वीस मिनिटांत शफाअम्र या अरब वस्तीच्या गावाहून नजीब आला, हातात बॅटरी आणि खांद्यावर हत्यारांची पिशवी. त्याने डब्याकडे पाहिलं, मग ओवादियाकडे पाहिलं, आणि तिसऱ्या मजल्यावर जाऊन दार उघडून लिफ्टच्या टपावर उतरला.

"किती वेळ लागेल हो?" दुसऱ्या मजल्यावरून गेऊलाने ओरडून विचारलं.

"अर्धा तास!"

दोन मिनिटांनी तिने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर आलं. आता अर्धा तास तीस माणसांनी अंधाऱ्या जिन्यात करायचं काय? ब्रोन्याबाई पायरीवर बसल्या आणि बंद दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "तुम्ही भाषण करायला आलात ना? मग करा की! हल्ल्याचा सायरन वाजला की चार जिने उतरून तळघरात पळताना माझे गुडघे बोलतात. त्याचं काय करणार?"

"सायरन वाजणारच नाही अशी वेळ आणू!" आतून घोगरा आवाज आला.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आमचा!" ओवादिया गरजला. "सायरन बंद पाडायला ताकद लागते!"

"आमचा!" गेऊला म्हणाली. "शांतता झाली की सायरन बंद!"

भानगड अशी होती, की महिनाभर सभा गाजवून दोघांचेही घसे बसलेले होते. त्यात लिफ्टच्या त्या बोगद्यात आवाज असा घुमे, की कर्नल कोण आणि प्रोफेसर कोण हे त्यांच्या आयांनाही ओळखता आलं नसतं. "कणखरपणा हवाच," असा आवाज आला आणि शांततावाल्यांनी शिट्ट्या मारल्या. "बोलायची तयारी ठेवली पाहिजे," असा आवाज आला आणि सुरक्षावाले उभे राहिले. चूक लक्षात आली तरी वाजवलेल्या टाळ्या परत कशा घेणार? प्रत्येकजण दुसऱ्याच्या वक्त्याला आपला म्हणत होता आणि जिन्यात हसून हसून पुरेवाट झाली होती.

त्या हसण्यातच गेऊलाच्या तोंडून एक प्रश्न निसटला. तिने ठरवून विचारला नव्हता. "माझी नात ऑगस्टमध्ये सैन्यात जातेय," ती म्हणाली. "ती धडधाकट घरी यावी म्हणून काय करणार, तेवढं सांगा."

ओवादिया अंधारात चाचपडत तिच्या पायरीवर येऊन बसला. नातीचं नाव काढलं की दोघांचंही बोलणं एकाच ठिकाणी येऊन अडे.

बोगद्यातून उत्तर आलं. "मला माहीत नाही, बाई," आवाज म्हणाला. "माझीही मुलगी तिकडे सीमेवरच आहे. रोज संध्याकाळी फोन करतो. ती 'हॅलो' म्हणाली की ठेवून देतो. मला माहीत आहे असं कुणी छातीठोक सांगितलं, तर त्याच्यावर भरवसा ठेवू नका."

कुणी टाळी वाजवली नाही. ब्रोन्याबाईंनी नाक शिंकरलं. ओवादिया पुटपुटला, "आमचाच असणार." गेऊला म्हणाली, "छे. आमचा." पण दोघांनी हात धरलेला होता.

शेवटी लिफ्ट खरखरत खाली आली, दिवे लागले आणि दोन घामाघूम उमेदवार बाहेर पडले. दोन्ही पक्षांनी त्यांना गराडाच घातला.

"ते मुलीचं कोण बोललं?"

"मी नाही," कर्नल प्रोफेसरांकडे बोट दाखवून म्हणाले. "यांनी. आणि खरं सांगतो, मला फार आवडलं."

"मी?" प्रोफेसर चकित झाले. "मला तर मुलगीच नाही! मला वाटलं, कर्नलसाहेब बोलले. मी मनातल्या मनात त्यांना दादही दिली."

मग जो काही गदारोळ उडाला, तो चार जिने चढून दिवाणखान्यात येऊनही थांबेना.

गेऊला कंटाळून स्वयंपाकघरात आली, तर नजीब नळाखाली हातांचं ग्रीस धूत होता. तिने त्याच्यासाठी बशी भरली.

"बाई," तो टॉवेल शोधत म्हणाला, "फोन करा, पण रोज करू नका. पोरी चिडतात. माझी अँब्युलन्सवर असते, कित्येकदा नुसती ओरडते."

गेऊलाच्या हातातली बशी हातातच राहिली. "म्हणजे ते... तुम्ही?"

"तुम्हीच विचारलंत ना!" नजीब ओशाळला. "तोवर सगळे प्रश्न मलाच विचारत होतात. किती वेळ, किती वेळ. मला वाटलं, हाही मलाच. काही चुकलं का?"

"नाही," गेऊला म्हणाली. "आधी खा."

ती बाहेर आली. खुर्चीवर उभा राहून ओवादिया तोंडातल्या घासासकट भांडत होता. त्याने तिला पाहिलं आणि हात वर केला. "थांबा, थांबा! हिला काहीतरी कळलंय. गेऊला, शपथेवर सांग, कुणाचा होता तो आवाज?"

सगळी खोली तिच्याकडे बघायला लागली.

"आपला," गेऊला म्हणाली.

"ऐकलंत?" ओवादियाने आनंदाने खुर्चीवरच उडी मारली. "मी मघापासून काय सांगतोय? आमचा!"