उजव्या कानाची खाच

शहाऐंशीच्या जूनमध्ये धोंडीबाने एक जुनी लुना घ्यायची ठरवली आणि त्यासाठी पाच शेळ्या ताडकळसच्या बाजारात विकायला नेल्या. शेळ्या चांगल्या अंगात होत्या. व्यापारी चंद्रभानने दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला आणि शेवटी कान उलटले. पाचही शेळ्यांच्या उजव्या कानाला खाच होती.

"ही खूण कुणाची?"

"माझ्या पोरीची. पण पोरगी माझीच हाय ना!"

"मग पोरीला घिऊन या. दुसऱ्याच्या खुणेचं जनावर मी घेत न्हाई. उद्या भांडण माझ्या दारात."

खाचेची गोष्ट दहा वर्षांपूर्वीची. भिवराच्या बारशाला आजी बानूबाईने एका काळ्या करडाच्या उजव्या कानाला खाच पाडून ते नातीच्या नावाने सोडलं होतं. "हिला व्हईल ते पोरीचं, आन् त्यायला व्हईल ते बी पोरीचं," असं तिने पाच माणसांसमोर सांगितलं, तेव्हा धोंडीबानेही हसत मान डोलावली होती. एका करडाने काय होणार? पण ती काळी दर वेताला जुळी देई, आणि बहुधा माद्याच. धोंडीबाच्या शेळ्या मात्र सणाला, पाहुण्याला, औषधपाण्याला एकेक करून गेल्या. आता शेळ्यांच्या वाडग्यात अठ्ठावीस जनावरं होती. त्यांत बिनखाचेची एकच, तीही भाकड म्हातारी.

पोरीला बाजारात आणणं अवघड होतं. भिवरा चौथी पास झाली होती आणि गावात पुढची शाळा नव्हती. ताडकळसला पाचवीत घाला म्हणून ती महिनाभर मागे लागली होती. "शाळा बास, शेळ्या राख," असं म्हणून त्याने विषय संपवला होता. आता तिच्यापुढेच हात पसरायचा?

बाजाराबाहेर लिंबाखाली बसल्यावर त्याला युक्ती सुचली. त्याने पाचही शेळ्यांच्या डाव्या कानालाही खाच पाडली. एका खाचेची शेळी पोरीची, तर दोन खाचांची तिची कशी असेल, असा त्याचा हिशेब.

चंद्रभानने पुन्हा कान उलटले आणि पायातल्या चपला काढून हातच जोडले.

"धोंडीबा, येडे झालाव का? दोनी कान खाचलेली म्हंजे देवाला सोडलेली! तिला कोण कापील?"

"आवो, आत्ताच खाचल्या की मी!"

"मग आत्ताच सोडल्या म्हणा!"

भाजी विकणाऱ्या सरजाबाईने तर लगेच येऊन पहिल्या शेळीला कुंकू लावलं. मग दुसऱ्या कुणी गूळ चारला. परत जाताना वाटेवर लोक शेळ्यांच्या पाया पडायचे आणि विचारायचे, "नवस कशाचा व्हता?"

"लुनाचा," धोंडीबा पुटपुटायचा.

घरी बानूबाईने कुंकवाने माखलेल्या शेळ्या पाहिल्या आणि लेकाकडून सगळी हकिकत काढून घेतली. "धोंडू, लेकीची जायदाद इकून फटफटी आणायलास व्हय रं?"

धोंडीबा भिवराकडे वळला. आवाज एकदम मऊ झाला. "भिवरामाय, तू बाजारात चल. तू हो म्हणलीस, की चंद्रभान दुसऱ्या पाच घील."

"मला पाचवीत घालताव का?"

"घालतो, माय."

"मग चला. पण शेळी एक बी इकायची न्हाई. दोन बोकड इकू."

"का गं?"

"बोकड एकदाच पैसा दितो, आबा. शेळी मी मॅट्रिक व्हईस्तोर दीत ऱ्हाती."

"आन् ह्या देवाच्या पाच?"

"त्यायचं तर लय बेस झालं. आता त्यायला कुणी चोरणार न्हाई, कुणी इकणार न्हाई. तुमी सुदीक."

बानूबाईने तोंडाला पदर लावला, पण हसू काही आवरेना.

दोन बोकडांत वह्या-पुस्तकं आली, निळा-पांढरा गणवेश आला. उरल्या पैशात लुना बसत नव्हती. एक जुनी सायकल आली. राखणीचा मोबदला म्हणून वर्षाला एक बोकड आबाचा, असंही भिवराने ठरवून टाकलं. धोंडीबाने जरा ताणून पाहिलं, पण ती दीडवरही गेली नाही.

शाळा सुरू झाल्यावर सकाळी पारावरची माणसं सायकल अडवू लागली. "धोंडीबा, गडबडीत कुठं?"

मागच्या कॅरिअरवर दप्तर मांडीत घेऊन भिवरा ताठ बसलेली असे. धोंडीबा तिच्याहून ताठ होई आणि घंटी वाजवत ओरडे, "सरका, सरका! मालकिणीला शाळंला उशीर व्हायलाय!"