वीस शिट्ट्यांचा उपचार

कुकरची शिट्टी झाली आणि पुरुषोत्तम टेबलाखाली गेला. टेबलावर लॅपटॉप होता, लॅपटॉपवर क्लायंट होता आणि क्लायंटला बराच वेळ नुसती खुर्ची दिसली. दिवाळीत कुकर फुटून वरण छताला लागल्यापासून हे असंच चाललं होतं. मॅनेजर रोशनने शेवटचं बजावलं, "पुढच्या गुरुवारचा डेमो नीट दे भाई. नाहीतर प्रोजेक्ट दुसऱ्याला जाईल."

पुरुषोत्तमची बायको आसावरी मेंदूवर संशोधन करायची. त्यामुळे घरात सहानुभूतीऐवजी माहिती मिळे.

"घाबरतो तो तुझ्या मेंदूतला अमिग्डाला. तो काही विसरत नाही. पण कपाळामागचा भाग त्याला गप्प बसवायला शिकू शकतो. शिट्टी व्हावी, काही फुटू नये, असं रोज करायचं."

"आणि फुटलं तर?"

"तर पहिल्यापासून."

मग सर्जापूर रोडवरच्या त्यांच्या स्वयंपाकघरात नुसतं पाणी भरलेला कुकर रोज वीस शिट्ट्या देऊ लागला. पहिल्या दिवशी पुरुषोत्तम फ्रिजला धरून उभा होता. दहाव्या दिवशी तो निवांत शेंगदाणे सोलत होता.

"डेमो इथेच, ओट्यापाशी दे," आसावरी म्हणाली. "मेंदूतला हिप्पोकॅम्पस कुठे काय शिकलो ती जागा लक्षात ठेवतो. बेडरूममध्ये गेलास की भीती परत."

बुधवारी शेजारच्या प्रेमाक्का आल्या. मूळच्या बेळगावच्या, आणि दोन्ही स्वयंपाकघरांत एकच भिंत.

"काय ओ हे अक्का! शिट्ट्या तुमच्या, त्या मोजून आमचा गॅस बंद करायलोय मी. आठवडाभर आमची डाळ कच्चीच!"

आसावरी ओशाळली. यापुढे एकही जादा शिट्टी होणार नाही, असा तिने शब्द दिला. प्रेमाक्कांनी शब्दावर विसंबून न राहता त्याच संध्याकाळी बिनशिट्टीचा इलेक्ट्रिक कुकर आणला.

गुरुवारी दहाला डेमो सुरू झाला. सगळं शांत होतं. पुरुषोत्तमने दोन वाक्यं बोलून, रोज दहाला जिच्यातून प्रेमाक्कांची शिट्टी ऐकू यायची त्या भिंतीकडे पाहिलं. तिसऱ्याला त्याला घाम फुटला. त्याने माइक बंद केला.

"शिट्टी का होत नाहीये?"

"नाही होत तर बरंच ना!"

"काहीतरी फुटणार आहे."

शिट्टी झाली की काही फुटत नाही, हे त्याच्या कपाळाला पक्कं पटलं होतं. शांततेबद्दल त्याला कोणी काहीच शिकवलं नव्हतं. आसावरीने मुकाट्याने शब्द मोडला आणि कुकर गॅसवर चढवला. पहिल्या शिट्टीला पुरुषोत्तमचे खांदे सैल पडले आणि त्याने माइक सुरू केला. नवव्या शिट्टीला क्लायंटने होकार दिला.

रोशनचा लगेच फोन आला. "एक नंबर! किती शांत बोललास! सोमवारपासून ऑफिसला ये, टीम तूच सांभाळ."

पुरुषोत्तमने कुकरखालचा गॅस बारीक केला.

"ऑफिसच्या पँट्रीत गॅस आहे," त्याने हळूच विचारलं, "की नुसता मायक्रोवेव्ह?"