पाणसळीवरचा रेकॉर्ड प्लेयर

आमचे धंतोलीतले शेजारी बोंडेसाहेब रेकॉर्ड लावण्याआधी पाणसळ लावायचे. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून सारी हयात गेलेली. रिटायर झाल्यावर सरकारी पूल सुटले आणि घरचा रेकॉर्ड प्लेयर तावडीत सापडला. पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला की मगच तबकडी फिरायची. जरा सरकला की प्लेयरच्या पायाखाली पोस्टकार्डाची घडी जायची.

"पाया सपाट नाही तं सूर सरळ कसा येईन?" असं ते विचारायचे.

नवा प्लेयर घ्या म्हटलं की अंगावर यायचे. "काहून? हाच सुधरवतो." हादरे बसू नयेत म्हणून प्लेयर शहाबादी फरशीवर ठेवला आणि फरशीखाली हवा भरलेली सायकलची ट्यूब. स्पीकरचं खोकं लकडगंजातल्या सागाच्या उरल्यासुरल्या फळ्यांचं. त्यात भरायला कापूस हवा होता, तेव्हा घरातल्या उशा फाडल्या. बोंडेकाकू वर्षभर चादरीची घडी उशाला घेऊन झोपल्या. सुई उडू नये म्हणून लोक दांडीवर चवन्नी चिकटवतात. साहेबांनी ती काढून शर्टाचं बटण लावलं, म्हणजे रेकॉर्ड झिजायला नको.

हा सगळा खटाटोप काकूंसाठी. त्यांची एक आवडती भजनांची रेकॉर्ड होती. "मागचा तंबोरा ऐकूच येत नाही, तुमची मशीन बिघडली," ही त्यांची तक्रार. दर दुरुस्तीनंतर रविवारी मला बोलावणं यायचं. भिंतीकडे तोंड करून बसायचं, ऐकायचं, आणि साहेब विचारायचे, "फरक पडला का नाही?" मी "पडला" म्हणायचो आणि तर्रीपोहे यायचे. पोह्यांपुढे माझा खरेपणा कधी टिकला नाही.

एका रविवारी माझी दाढ ठणकत होती. पोह्यांचा मोह नव्हता, म्हणून तोंडून खरं निघून गेलं. "काडीचा फरक नाही, साहेब. तंबोरा पहिल्यापासून साफ ऐकू येतो. बिघडलं काय होतं?"

साहेबांनी उठून स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"हळू बोल गा. मशीनले काही झालं नाही. तुझ्या काकूचे कान जाऊन राहिले."

"मग डॉक्टर? आपल्या गल्लीत तर दारोदारी दवाखाने..."

"डॉक्टर तिले खरं सांगन. तिच्या मायचे असेच गेले होते. म्हातारी कोपऱ्यात बसे, कोणी बोले नाही तिच्याशी. हिनं ते डोळ्यानं पाहिलं. तेवढंच भेव आहे तिले. मशीन बिघडली असं वाटते ना, वाटू दे. मी रोज खोलीन मशीन."

दोन वर्षं साहेब घरात ओरडून बोलायचे. त्याला आम्ही साइटवरची सवय म्हणून हसायचो. मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात काकू पोहे घेऊन आल्या. "कशी गा, सुधरली का मशीन?"

जन्मात काढला नव्हता एवढा आवाज काढून मी म्हणालो, "थोडी सुधरली काकू! पण काम बाकी आहे अजून!"

"मी म्हणतच होती," काकू समाधानानं म्हणाल्या. साहेबांनी माझ्याकडे न बघता पेचकस उचलला आणि धडधाकट प्लेयरचा पहिला स्क्रू काढायला घेतला.