राजपुत्राची स्थळप्रत

वाचनाच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये. एकतीस वर्षं पाणीपुरवठा कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली आहेत. गळक्या व्हॉल्व्हवरची चारशे पानांची फाईल मी एका बैठकीत संपवली आहे, आणि त्यात तर गोष्टसुद्धा नव्हती. त्यामुळे आमच्या मुलीला वाचनालयातल्या कार्यक्रमासाठी घरातलं एक मोठं माणूस हवंय असं कळलं, तेव्हा मी पेपर खाली ठेवला आणि म्हणालो, "मी आहे की."

मुलगी पंधरा वर्षांची. गेलं वर्षभर ती माझ्याशी फक्त "हं" एवढंच बोलते. त्या दिवशी मात्र सलग पाच-सहा वाक्यं बोलली. वाचनालयात तिच्या वयाच्या मुलांचा गट आहे. महिन्यातून एकदा जमतात, कोणत्या कादंबऱ्या वाचल्या आणि पुढे जादूची, तलवारींची कोणती पुस्तकं येणार आहेत त्यावर बोलतात. या वेळी घरातल्या मोठ्यानं एक कादंबरी वाचून तिची गोष्ट सांगायची होती. मुलांनी मदत करायची नाही, आधी त्या गोष्टीवर घरात बोलायचंसुद्धा नाही. ज्यांचं सगळ्यांत छान होईल त्यांना नकाशे चोरणाऱ्या मुलीच्या मालिकेचा पुढचा भाग, बाजारात यायच्या तीन महिने आधी, सर्वांत पहिल्यांदा वाचायला मिळणार होता.

"आई येईल का?" तिनं विचारलं.

"मला त्या उडत्या सापांत ओढू नका," बायको आतून म्हणाली.

मुलीनं माझ्याकडे बघितलं. "बाबा, मला तो भाग हवाच आहे. नीट वाचशील ना?"

वर्षभरानं पोरगी काहीतरी मागत होती. मी म्हटलं, "तू निर्धास्त राहा."

दुसऱ्या दिवशी तिनं टेबलावर दोन पुस्तकं ठेवली. दोन्ही निळी, दोन्ही विटेएवढी जाड, दोन्हींवर टोपीचा झगा घातलेली एक पाठमोरी मुलगी. वर सोनेरी अक्षरं अशी वळणावळणांची, की चष्मा लावूनही ती नक्षी वाटावी. "यातलं एक वाचलंस तरी पुरे," ती म्हणाली आणि शाळेला गेली.

मी ओळखलं. आमच्या ऑफिसात कुठलंही पत्र निघालं की एक प्रत बाहेर जाते आणि एक आपल्याकडे फाईलला राहते. तिला स्थळप्रत म्हणतात. पोरीनंही तशाच दोन प्रती मिळवल्या होत्या, एक घरी ठेवायला आणि एक ऑफिसात! विटेचं ओझं रोज बापानं वाहू नये म्हणून. मला भरूनच आलं.

आता साहेबांनी माझ्या टेबलावर झगेवाली मुलगी पाहिली असती तर शोभलं नसतं. म्हणून दोन्हींना खाकी कागदाचं कव्हर घातलं, अगदी घट्ट, कोपरे दुमडून. सुरुवातीची कोरी, शीर्षकाची, अर्पणाची पानं आम्ही रेकॉर्डवाले वाचत नसतो. थेट मजकुराला भिडतो. खिशात एक चिठ्ठी ठेवली. ऑफिसात तीस पानं झाली की चिठ्ठीवर "३०" लिहायचं आणि संध्याकाळी घरच्या प्रतीत एकतिसावं उघडायचं. फाईल कुठेही असो, पान क्रमांक माहीत असला की काम अडत नाही.

पुस्तकातली नावं जिभेला वळेनात. मी तिला "मुलगी" आणि त्याला "राजपुत्र" ठरवून टाकलं. ती स्वतःच "मी, मी" करून गोष्ट सांगत होती, त्यामुळे भागत होतं.

मात्र गोष्ट विलक्षण होती. सकाळी ऑफिसात मुलगी बर्फाच्या किल्ल्यात ससाणे पाळायची. संध्याकाळी घरी वाळवंटातल्या बंदरावर नकाशे चोरायची. मधे प्रवासाचा एक शब्द नाही. पहिल्यांदा वाटलं, माझं पान चुकलं. चिठ्ठी तपासली. पान बरोबर होतं.

माझ्या शेजारी आवक-जावक बघणाऱ्या बाई बसतात. त्यांना आम्ही आवकबाई म्हणतो. डबा खाताना त्या रोज विचारायच्या, "काय म्हणते तुमची मुलगी?"

"काल संध्याकाळी उन्हानं चक्कर येऊन पडली. आज सकाळी बोटं गारठलीत."

"हवा फार बदलती दिसते तिकडची. सांभाळायला सांगा."

दुसऱ्या आठवड्यात, एकशे सदतिसाव्या पानावर, राजपुत्र गेला. विष घातलेलं दूध प्यायला. ऑफिसातच गेला, आणि एकशे चाळिसाव्यावर त्याचा अंत्यविधीही झाला. मी चष्मा काढून बसून राहिलो. आवकबाईंनी पाणी आणून दिलं. जड मनानं घरी आलो, एकशे एकेचाळिसावं पान उघडलं, तर राजपुत्र बोटीवर दोर ओढतोय आणि शीळ वाजवतोय.

"उठला?" सकाळी आवकबाई म्हणाल्या. "पण अंत्यविधी झाला होता ना?"

"झाला होता."

"मग कुणाला आश्चर्य नाही वाटलं?"

"कुणालाच नाही. त्या मुलीलासुद्धा नाही."

आवकबाईंनी बराच विचार केला. "जादूचं पुस्तक आहे," त्या म्हणाल्या. "आपल्याला त्यातलं काय कळतंय."

मलाही तेच पटलं. तरी एकदा न राहवून मुलीला म्हटलं, "त्या राजपुत्राचं मला जरा—" तिनं दोन्ही कान झाकले. "नियम आहे, बाबा. बोलायचं नाही." पोरगी शब्दाची पक्की, आईवर गेली आहे. मग मी एका कागदावर तक्ता काढला. डावीकडे राजपुत्र कुठे मेलेला, उजवीकडे कुठे जिवंत. महिनाअखेरीस लक्षात आलं की तो ऑफिसच्या वेळेत मेलेला असतो. मला त्यात खोल अर्थ दिसला.

कार्यक्रमाच्या दिवशी दोन्ही प्रती पिशवीत घालून निघालो. वाचनालयाच्या मुलांच्या खोलीत खुर्च्या इतक्या ठेंगण्या की गुडघे हनुवटीला लागले. आधी दातांना तारा लावलेल्या एका मुलीचे आजोबा उठले. "चांगलं पुस्तक आहे," ते म्हणाले. "पोरगी शेवटी सुटते." आणि खाली बसले. मी मनात म्हटलं, बाजी आपलीच.

मग मी उभा राहिलो. बर्फ सांगितलं, वाळवंट सांगितलं, ससाणे, नकाशे, दूध, अंत्यविधी, बोटीवरची शीळ, सगळं पानवार. तक्ता उंच धरून दाखवला. "राजपुत्र रोज मरतो आणि रोज परत येतो," मी म्हणालो, "आणि मुलगी त्याला कधी विचारत नाही, की कुठे होतास. खरं प्रेम ते हेच."

ग्रंथपालबाईंनी चष्मा पुसला. तारांवाली मुलगी हात वर करून म्हणाली, "काका, हे कुठलं पुस्तक?"

"हेच," मी म्हटलं आणि पिशवीतून दोन्ही प्रती काढल्या.

माझी मुलगी उठली. तिनं एक प्रत घेतली, खाकी कव्हर ओढून काढलं. मग दुसरीचं. एका पाठमोऱ्या मुलीच्या खांद्यावर ससाणा होता. दुसरीच्या काखेत गुंडाळलेला नकाशा. महिनाभर मी दोघींना खाकीत कोंडून ठेवलं होतं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "ही दोन पुस्तकं आहेत."

खोली हसायला लागली ती थांबेचना. ग्रंथपालबाईंना खुर्ची धरावी लागली. पुढचा भाग आजोबांच्या नातीला मिळाला.

घरी परतताना ती दोन पावलं पुढे चालत होती. मला फार वाईट वाटत होतं. पोरीनं वर्षात एक गोष्ट मागितली आणि मी तिची माती केली. "चुकलं गं माझं," मी म्हटलं. "तुझं पुस्तक माझ्यामुळे गेलं."

"हं," ती म्हणाली. झालं, परत "हं"वर आलो.

कोपऱ्यावर ती थांबली. "राजपुत्र मेला तेव्हा तुला रडू आलं?"

"ऑफिसात आलं. घरी नाही."

तिच्या नाकातून काहीतरी आवाज आला, आणि मग ती पोट धरून हसायला लागली. नंतर बोलायला लागली. ससाणेवाली कोण, नकाशेवाली कोण, दोघींचे राजपुत्र कसे वेगळे, कुठला बावळट आणि कुठला बरा. घर आलं तरी तिचं संपलं नव्हतं. आम्ही आणखी दोन फेऱ्या मारल्या.

दहा-बारा दिवसांनी तारांवाल्या मुलीचं वाचून झालं आणि तो पुढचा भाग आमच्याकडे आला. मुलीनं वाचला आणि माझ्या टेबलावर ठेवला. "कव्हर घालायचं नाही. आणि एकच आहे. ऑफिसला नेलंस तर संध्याकाळी परत आण."

मी पिशवीतून नेलं-आणलं. आता सगळं सरळ होतं. वाळवंट सकाळीही वाळवंटच, संध्याकाळीही वाळवंटच. मग परवा ऑफिसात, दोनशे बाराव्या पानावर, बोटीवरचा राजपुत्र बाण लागून पडला. आवकबाईंनी पाणी आणायला उठत विचारलं, "संध्याकाळी उठेल ना?"

"बघतो," मी म्हटलं.

घरी आलो, हातपाय धुतले, चहाही न घेता दोनशे तेरावं पान उघडलं. तो मेलेलाच होता. दोनशे चौदावरही मेलेला. मी पुस्तक मिटलं आणि मुलीच्या खोलीचं दार वाजवलं.

"काय रे, बाबा?"

"काही नाही गं," मी म्हटलं. "याची दुसरी प्रत नाही का कुठे?"