नाजूक अक्षराचे प्रल्हादभाऊ

"तिले जाड नोका करू भाऊ, मोडन ते."

अकोल्यातल्या माझ्या लग्नपत्रिकांच्या दुकानात ही ताकीद मी रोज ऐकतो. 'ते' म्हणजे ती, आणि ती म्हणजे कॉम्प्युटरमधला एक फॉन्ट. नाव 'नाजूक'. केसाएवढी रेघ, किंचित कललेली, वेलांट्या फुंकर मारली तर उडतील अशा. आमचे ऑपरेटर प्रल्हादभाऊ तिला पोटच्या पोरीसारखं जपतात.

अक्षर त्यांचंच. एके काळी पाकिटांवर नावं लिहायला अर्धं अकोला त्यांना लग्नघरी बोलावून न्यायचं. पुढे हात थरथरू लागला, तेव्हा अमरावतीच्या एका कॉम्प्युटरवाल्याकडून त्यांनी जुन्या अक्षराचा फॉन्ट करून घेतला. तेव्हापासून माझ्या डोक्याला ताप आहे.

गिऱ्हाइकाला ठसठशीत पाहिजे असतं. प्रल्हादभाऊ त्याच्याकडे असे बघतात, जसं काही त्याने नव्या सुनेला पोतं उचलायला सांगितलं. पुढाऱ्यांच्या नावांना नाजूक मिळत नाही. "एवढं वजन पेलवत नाई तिले." नवरीच्या नावाला मात्र तीच. तळाशी पोरासोरांच्या नावाने छापतात ना, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं', तिथेही तीच.

वरूडच्या एका संत्रा व्यापाऱ्याची पत्रिका त्यांनी माझ्यामागे सगळीच्या सगळी नाजूकमध्ये लावली, लाल कागदावर सोनेरी शाईत. अमरावतीतल्या मंगल कार्यालयाचं नाव कोणालाच वाचता आलं नाही. निम्मे पाहुणे भलत्याच लग्नात जेवले आणि आहेर देऊन परतले. व्यापारी दुकानात येऊन माझा उद्धार करत होता, तर प्रल्हादभाऊ त्याला शांतपणे विचारतात, "पन पत्रिका दिसत कशी होती, ते सांगा ना."

मग माझ्या मुलीचं, राणीचं लग्न ठरलं. मी विचारायच्या आत मजकूर नाजूकमध्ये तयार.

"राणीचं लगन हाय. तिथं माह्यं अक्षर पाह्यजेच."

मी भडकलो. चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "तुमचं अक्षर आता कोनाच्याच कामाचं नाई."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही.

पत्रिका मी जाड अक्षरात छापल्या. राणीने विचारलं, प्रल्हादकाकांना दिली का. मी म्हणालो, "घरच्या मानसाले कायची पत्रिका?"

म्हणालो खरा, पण तोंड कडू झालं. हेच वाक्य मी आजवर दर लग्नघरी ऐकलं होतं. गावभराची नावं लिहून झाली की त्यांना चहा मिळायचा, चिवडा मिळायचा. त्यांच्या नावाचं पाकीट नाही. ते घरचेच. मला हे दिसत होतं आणि मी कधी बोललो नाही, कारण माझंही काम निघत होतं.

राणीचं नाव तेवढं नाजूकमध्ये करून पत्रिका पुन्हा छापल्या. त्यांच्या पाकिटावर मात्र मी स्वतः बॉलपेनने लिहिलं, 'श्री. प्रल्हादराव'. कुंकू-अक्षता घेऊन आम्ही नवरा-बायको त्यांच्या खोलीवर गेलो. ते एकटेच राहतात.

त्यांनी पाकीट डोळ्यांशी नेलं.

"'ल्हा'चं पोट फुगवलं तुमी."

खिशातून पेन काढला, टोपण उघडलं. मग नाव पुन्हा एकदा वाचलं आणि टोपण परत लावलं.

"राहू द्या. पाकिटावर माह्यं नाव आजवर कोनी लिहेलच नव्हतं."

आतली पत्रिका त्यांनी उघडली नाही. पाकीट देवांच्या फोटोला टेकवून उभं केलं, नाव समोर येईल असं. आत नाजूक आहे, हे सांगायचं माझंही राहूनच गेलं.