दुसऱ्यानं उचलायचा हात

आमच्या देवणीचे बसवंतप्पा भेटले, की नमस्काराच्या आधी सदऱ्याचं बटण काढून उजवा खांदा दाखवतात. "कुटं कापल्यालं दिसतंय का बगा." आपल्याला दोन-चार बारीक व्रण दिसतात. मग ते विचारतात, "कापलंच न्हाई, तर शिवलं काय?"

हाडावरून सुटलेला स्नायू लातूरच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून टाके घालून परत बसवला, हे मी त्यांना कितीदा तरी समजावलं. "दुर्बीण लांबचं बगायला असती, बापू. डाक्टर तर माज्या उशालाच हुता." मलाही आता ते धड सांगता येत नाही.

दुसरा घोळ व्यायामाचा. सुरुवातीला हात स्वतः उचलायचा नाही, दुसऱ्यानं धरून अलगद वर न्यायचा, असं तिथल्या व्यायामाच्या मॅडमनी बजावलं होतं. "हात माजा, आन् उचलायचा दुसऱ्यानं? ह्यो कसला इलाज?" काकू गेलेल्या, मुलं पुण्यात, त्यामुळे दुसरा म्हणजे शेजारचा मी. रोज संध्याकाळी अप्पा कुरकुरत माझ्या ओट्यावर येऊन बसत. मी हात उचलायचो, ते दुर्बिणीवरून वाद घालायचे, त्यात चहा व्हायचा. पोळ्याआधी हात वर गेला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. शेतात ट्रॅक्टर आला तरी म्हातारा बैल त्यांनी विकला नव्हता, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला त्याचा खांदा त्यांना आपल्याच हातानं चोळायचा होता.

श्रावण सरत आला, तरी हात आपणहून उठेना. तपासायला अप्पा एकटेच एसटीनं लातूरला जाऊन यायचे. मॅडम काय म्हणाल्या विचारलं, की ठरलेलं उत्तर, "आजून दुसऱ्यानंच, म्हन्ल्या." मी चक्रावून गेलो. माझ्याच उचलण्यात काही चुकलं आणि आतला टाका सुटला की काय, या काळजीनं मला झोप लागेना.

खांदेमळणीच्या दिवशी राहवलं नाही. बैलाचा खांदा आपणच चोळून द्यावा म्हणून मी दुपारीच त्यांच्या गोठ्यावर गेलो. अप्पा पाठमोरे उभे होते. तूप-हळदीनं माखलेला त्यांचा उजवा हात बैलाच्या वशिंडावरून खांद्यावर उतरत होता आणि परत सहज वर जात होता. "आज आवतण घे, उद्या जेवाय ये," असं ते त्याला सांगत होते. मी तसाच मागे फिरलो. आधी रागच आला. इतके दिवस मी उगाच जिवाला घोर लावून घेतला होता.

संध्याकाळी अप्पा आले. हात पोटाशी धरलेला, तळव्यावर हळद तशीच.

"आज लई जड हाय, बापू."

मी हात धरला, तर तो माझ्याआधीच वर निघाला होता. मी तो हळूच खाली दाबला आणि पहिल्यापासून उचलायला घेतला.

"अजून बरेच दिवस लागतील, अप्पा."

"हाव," ते म्हणाले. "घाई करू नगा."