सगळे एका झटक्यात

वाशी तालुक्यातल्या एका दूध संघात त्या शुक्रवारी नव्या डिरेक्टरी सर्व्हरचं उद्घाटन होतं. गावोगावच्या केंद्रांवरचा प्रत्येक कर्मचारी, त्याचं गाव, पद, मोबाइल, पासवर्ड, सगळं त्या एका यंत्रात राहणार होतं. काम वसीमकडं होतं आणि वसीम अजून हंगामी होता. "मशीन नीट चाललं तर तिथल्या तिथं तुला कायम करतो," असं चेअरमन आबाराव सगळ्यांदेखत म्हणाले होते.

"एकेक नाव हातानं भरू की रे," ऑफिसातल्या रोहिणीताई म्हणाल्या. "उगं घाई कशाला?"

"ताई, आपण काय मतदारयादी करायलोत का? एक कमांड, एक एंटर, सगळे एका झटक्यात आत!"

"आन् चुकलं तर?"

"ही कमांड जुनं सगळं पुसती आन् नवं भरती. चुकल्यालं ऱ्हायला जागाच न्हाय."

वसीमनं आधी एक चाचणी केली होती. चाचणीला खोटी नावं कशाला, म्हणून त्यानं बहीण आरजूच्या लग्नाच्या पाहुण्यांची यादीच भरून पाहिली. शिवाय शुक्रवारी दुपारी बारा वाजता सर्व्हरवरच्या प्रत्येकाला दावतीचा निरोप आपोआप जाईल, अशी सोयही करून ठेवली. पुढं चेअरमननी उद्घाटन नेमकं त्याच शुक्रवारी ठरवलं आणि कामाच्या गडबडीत निरोपाचं वसीमच्या डोक्यातून पार गेलं. लग्नाच्या यादीला त्यानं नाव दिलं होतं 'यादी-नक्की' आणि संघाच्या यादीला 'यादी-अंतिम'. आपला यात गोंधळ होणं शक्यच नाही, अशी त्याची खात्री होती.

नारळ फुटला. वसीमनं रुबाबात कमांड दिली, एंटर दाबलं. भिंतीवरच्या पडद्यावर 'यशस्वी' असं उमटलं, टाळ्या पडल्या. आबारावांनी एका बोटानं आपलं नाव टाइप केलं. पडद्यावर उत्तर आलं : असं नाव नाही.

"आमी न्हाय?" आबाराव म्हणाले. "मग हाय तरी कोण? दाखव."

यादी उघडली आणि आबाराव मोठ्यानं वाचू लागले. "जैनबबी. गाव अणदूर. पद, फुफी. रोहिणीताई, अणदूरच्या केंद्रावर फुफीची जागा कधी भरली?"

"मला तर काई ठावं न्हाय, साहेब."

"येरमाळ्याला चार मामू! एका केंद्राला चार लागतेत? आन् हे कोण? गुंडाप्पा, पद शेजारी."

"मी हाय साहेब, मी," मागून शिपाई गुंडाप्पा आनंदानं ओरडला.

कायम करण्याचा आदेश टेबलावर सहीवाचून पडला होता.

"वसीम, ही लग्नाची यादी हाय?"

"जी, साहेब. बहिणीच्या."

"त्यात गुंडाप्पा हाय."

"जी."

"आन् आमी न्हाय."

मशीन चुकलं ते आबारावांनी केव्हाच माफ केलं असतं, पण आमंत्रणात मान चुकणं ही साधी गोष्ट नव्हती. वसीमनं मात्र मान खाली घातली नाही.

"साहेब, तुमचं नाव असं सगळ्यांत कालवतेत व्हय? तुम्हाला दावत थेट तुमच्या मोबाइलवर येनार. आजच!" त्यानं ठोकून दिलं.

बोलता बोलता त्यानं 'यादी-अंतिम' भरली. फुफी आणि चारही मामू पुसले गेले आणि अख्खा संघ आत आला, सगळ्यांत वर आबाराव. "हां, आता कसं," ते म्हणाले, पण पेन उचललं नाही.

तेवढ्यात बारा वाजले. आबारावांचा मोबाइल वाजला. त्यांनी तो लांब धरून वाचला : "आरजूच्या लग्नाला सहकुटुंब यावं." चेहरा खुलला. "बोलला तसा वागला पोरगा," म्हणत त्यांनी झोकात सही ठोकली आणि आदेश वसीमच्या हातात दिला.

मग रोहिणीताईंचा मोबाइल वाजला. मग गुंडाप्पाचा, मग पुढच्या रांगेचा, मग मागच्या. केंद्रांवरून फोन यायला लागले, "आमी टेम्पो करून येतो म्हणावं!" निरोप कुणाकुणाला गेलाय हे वसीमच्या आत्ता कुठं ध्यानात आलं.

त्याचाही फोन वाजला. वडील होते, खाजामियाँ.

"बेटा, मामू लोक फुगून बसलेत. एकालाबी दावत न्हाय पोचली. आन् भटारी इचारतोय, माणसं किती धरू?"

वसीमनं गच्च भरलेल्या सभागृहाकडं पाहिलं. मग हातातल्या आदेशाकडं पाहिलं. सही ठसठशीत होती. त्याची छाती पुन्हा फुगली.

"अब्बा, मोजत बसू नका," तो म्हणाला. "सगळे एका झटक्यात येनारेत."